ऋणकोची वही: माजी सैनिक स्त्रियांचे आरोग्य आणि संसदेची देखरेख

माजी सैनिक स्त्रीच्या उपचारांची जबाबदारी राज्यसंस्थेवर कोणत्या नात्याने येते, हा प्रश्न वरवर प्रशासनाचा वाटतो, पण मुळात तो ऋणाचा आहे. हे उपचार दान मानले, तर घेणाऱ्याला जाब विचारता येत नाही. वेतनाचा मागे राहिलेला हिस्सा मानले, तर करारात लिहिले असेल तेवढेच देणे लागते आणि करार संपला की व्यवहार मिटतो. ऋण मानले, तर मात्र करार संपल्यावरही देणे उरते, आणि ते फिटते आहे की नाही हे कोणाला तरी पाहावे लागते. भारतीय संविधानाच्या रचनेत ते पाहण्याचे काम संसदेचे आहे. संरक्षण हा केंद्राचा विषय, आरोग्य बहुतांशी राज्याचा. त्यामुळे पनवेलला राहणाऱ्या निवृत्त लष्करी परिचारिकेचा खर्च दिल्लीच्या अंदाजपत्रकातून येतो, पण ती ज्या खाजगी रुग्णालयात दाखल होईल त्याची नोंदणी महाराष्ट्राच्या कायद्याखाली असते.

तैत्तिरीय संहितेत जन्मतःच तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. मूळ उल्लेख ब्राह्मणापुरता आहे; पुढच्या परंपरेने तो सर्वांसाठी रुंद केला. शतपथ ब्राह्मणाने मनुष्यांच्या ऋणाची भर घातली आणि ते अन्न व आसरा देऊन फेडायला सांगितले. या कल्पनेतली एक बाजू सहसा कोणी पाहत नाही. पहिले तिन्ही धनको वसुलीला कधी दारात येत नाहीत. देव तगादा लावत नाहीत, पितर नोटीस पाठवत नाहीत. वही ठेवायची ती ऋणकोनेच, आणि चुकारपणा झाला तर तोही त्यानेच ओळखायचा. चौथ्या ऋणाची गोष्ट निराळी आहे. दारी आलेल्या माणसाची भूक आजची असते, सवडीने फेडता येणारी नसते. सैनिकाचे ऋण या दोन जातींच्या मध्ये पडते. तक्रार न करणे हा त्याच्या शिस्तीचा भाग असतो, म्हणून वसुलीला तो सहसा येत नाही. आणि झिजलेला गुडघा, अधू झालेला कान किंवा उशिरा सापडलेली गाठ थांबायला तयार नसते. अशा ठिकाणी ऋणकोची स्वतःची वही नसेल, तर ऋण बुडालेच म्हणायचे.

यावर गीतेच्या आधाराने एक आक्षेप घेतला जातो: सैनिकाने फळाची आस न धरता कर्म करायचे असते, मग देण्या-घेण्याची भाषा कशाला? हा आक्षेप उपदेशाची दिशाच उलटी करतो. फलत्यागाचा उपदेश लढणाऱ्याला आहे. ज्याच्यासाठी लढाई झाली, त्याला देणे चुकवण्याची ती सवलत नव्हे. परिचारिकेच्या बाबतीत हीच पळवाट आणखी गुळगुळीत होते, कारण शुश्रूषा हा स्त्रीचा स्वभावच मानला की तिच्या कामातला धोका हिशेबातून आपोआप गळतो.

राजाला जाब विचारण्याची प्रथा परंपरेत अनोळखी नाही. महाभारताच्या सभापर्वात नारद युधिष्ठिराला लांबलचक प्रश्नमालिका विचारतो: कोश, धान्य, सैन्याचा पगार वेळेवर होतो का, असे एकामागून एक. राजासाठी मेलेल्या किंवा विपत्तीत सापडलेल्या माणसांच्या स्त्रियांचा सांभाळ होतो की नाही, हेही त्यात आहे. नारद कोणाची फिर्याद घेऊन आलेला नाही, कोणी त्याच्याकडे अर्ज केलेला नाही. तरी तो विचारतो. देखरेख आणि न्यायदान यांतला फरक एवढ्यावरूनच कळतो. पण त्या प्रश्नात स्त्री येते ती मेलेल्याची बायको म्हणून. कौटिल्याने तर अर्थशास्त्रात राजाभोवती धनुर्धारी स्त्रियांचा पहारा सांगितला आहे, आणि रणांगणात सैन्याच्या पाठीशी वैद्यांबरोबर अन्नपाणी घेतलेल्या स्त्रियाही उभ्या केल्या आहेत. तरी कामावर मरण आलेल्यांच्या वेतनाचा नियम येतो, तेव्हा ते त्यांच्या मुलांना आणि पत्नीला मिळावे असे तो सांगतो. धनुष्य घेतलेल्या स्त्रीचे पुढे काय, हे त्या नियमात नाही. आजही सैनिकांच्या आरोग्य योजनेतली बहुसंख्य स्त्री लाभार्थी पत्नी, विधवा, आई किंवा मुलगी या नात्याने येते. वीरपत्नीविषयी समाजात कळकळ आहे आणि ती रास्तच आहे. पण तिच्या मागे स्वतः गणवेश घातलेली बाई झाकली जाते.

वास्तविक ही बाई नवी नाही. १८८८ मध्ये ब्रिटिश परिचारिकांची पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली तेव्हापासून लष्करी शुश्रूषेची परंपरा सुरू झाली. १९२६ मध्ये भारतीय सेवेची कायम स्वरूपात स्थापना झाली. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा कायदेशीर पाया १९४३ च्या युद्धकालीन वटहुकुमात आहे. म्हणजे स्त्रियांची सर्वांत जुनी सैनिकी सेवा स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेल्या कायद्यावर नव्हे, तर परकीय सरकारच्या हुकमावर उभी राहिली. वैद्यकीय शाखांबाहेर स्त्री अधिकाऱ्यांना भूदलात प्रवेश मिळाला तो १९९२ च्या खास योजनेतून, आधी पाच वर्षांसाठी, पुढे मुदत वाढत चौदा वर्षांपर्यंत. पेन्शनला वीस वर्षांची सेवा लागते. त्यामुळे या अधिकारी सेवेतून बाहेर पडत ते पेन्शनविना, आणि पेन्शन नाही म्हणून माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेविनाही.

ही योजना, म्हणजे ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. माजी सैनिकाने एकदा वर्गणी भरायची, आजारी पडल्यावर योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचे, तिथून रेफरल घेऊन सैनिकी रुग्णालयात किंवा पॅनेलवरच्या खाजगी रुग्णालयात कॅशलेस उपचार घ्यायचे. देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आणि पन्नास लाखांहून अधिक लाभार्थी आहेत. अल्पमुदतीच्या अधिकाऱ्यांना योजनेचे दार उघडले ते २०१९ मध्ये, सरकारी आदेशाने. १९९० च्या दशकात पाच वर्षे नोकरी करून बाहेर पडलेल्या स्त्री अधिकाऱ्याने तोवर योजनेची पहिली सोळा वर्षे या दाराबाहेर काढली होती, आणि स्त्रीच्या आयुष्यातली प्रसूतीची व रजोनिवृत्तीच्या आसपासची वर्षे नेमकी हीच. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: ईसीएचएस हा संसदेचा कायदा नाही, ती सरकारी आदेशांनी चालणारी योजना आहे. पात्रतेत कोण बसते हे सभागृहात मतदानाने ठरत नाही. त्यामुळे चर्चा पैशाच्या मागण्यांपाशी सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच संपते.

आतापर्यंतचे मोठे बदल न्यायालयातून आले. १९७७ च्या एका नियमानुसार लग्न केलेल्या लष्करी परिचारिकेला सेवेतून काढता येत असे. १९८८ मध्ये असे काढून टाकलेल्या एका अधिकाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ६० लाख रुपये देववले. नियम १९९५ मध्येच मागे घेतला गेला होता, न्याय मिळायला छत्तीस वर्षे लागली. २०२४ मध्येच पंजाबमधील भरतीच्या एका खटल्यात लष्करी परिचारिकाही माजी सैनिक ठरतात, असा निर्णय झाला. ही गोष्ट मुळात कोर्टात न्यावी लागली, यातच सगळे आले. स्त्री अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती देण्याचा बबिता पुनिया खटल्यातला निकाल १७ फेब्रुवारी २०२० चा. त्याने चौदा वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांना पेन्शनपर्यंत पोचण्याची वाट करून दिली.

या मालिकेत आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निकाल पुढचा, मार्च २०२१ मधला नितिशा खटल्याचा. कायम नियुक्तीसाठी लष्कराने ‘शेप-१’ ही वैद्यकीय श्रेणी मागितली होती. मन, कान, हातपाय, एकूण शरीर आणि डोळे या पाचही बाबींत निर्दोष असा तिचा अर्थ. निकष स्त्री-पुरुषांना सारखाच होता, असे लष्कराचे म्हणणे. पण पुरुष अधिकाऱ्यांची ही पारख सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, पंचविशी-तिशीत झाली होती. पुढे त्यांची श्रेणी घसरली तरी नोकरी टिकत होती. स्त्रियांची पारख मात्र कोर्टबाजीत वर्षे गेल्यावर, चाळिशी-पन्नाशीत, तिशीतल्या शरीराच्या मापाने होणार होती. विलंब संस्थेचा, वय वाढले स्त्रीचे. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले आणि पाचव्या किंवा दहाव्या वर्षीची प्रकृती धरून विचार करायला सांगितले.

ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला नियम असा की समानांना समान वागणूक हा न्याय, आणि असमानांना समान वागणूक हा अन्याय. नितिशा खटल्याने त्यात काळाची मिती आणली. दोन शरीरे कोणत्या वेळी मोजली, यावर समानता अवलंबून असते. निवृत्तीनंतरच्या उपचारांना हे थेट लागू पडते. पुरुषाच्या बांध्यावर बेतलेली पाठपिशवी, बूट आणि कवायत यांनी स्त्रीच्या कमरेच्या व पायाच्या हाडांवर पडणारा ताण तिथेच संपत नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात तेव्हा जुनी दुखापत नव्याने बोलू लागते. विशीतल्या दुखापतीची नोंद सेवापत्रात नसेल, तर पन्नाशीतला आजार ‘वयोमानाचा’ ठरतो आणि ऋणाच्या वहीतून निसटतो. सेवेत झालेल्या लैंगिक अत्याचाराने मनावर राहिलेल्या जखमेचे तर याहून कठीण, कारण तिची नोंद करायला बाईला अधिकाराच्या त्याच साखळीकडे जावे लागते जिच्यात तो घडला.

न्यायालयाने हे काम केले, पण न्यायालय दारी आलेल्याचेच ऐकते. वकील, वर्षे आणि धीर असलेली बाई तिथवर पोचते. धनकोने स्वतः येण्याची वाट पाहणारी ही पद्धत आहे, आणि ऋणाच्या मूळ कल्पनेशी ती विसंगत आहे. संसदेची रीत नारदाची असायला हवी: अर्ज नसताना विचारण्याची.

संसदेकडे त्यासाठी साधने आहेत. १९९३ मध्ये खातेनिहाय स्थायी समित्या आल्या. संरक्षणविषयक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. दरवर्षी अनुदानाच्या मागण्या तपासताना ईसीएचएसचा पैसा तिच्यासमोर येतो. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, मात्र काय केले ते सरकारला तीन महिन्यांत कळवावे लागते. १९९७ पासून महिला सक्षमीकरणाची तीस सदस्यांची संयुक्त समितीही आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या ५१ क्रमांकाच्या अहवालात ईसीएचएसचे स्वतंत्र लेखापरीक्षण केले. चिकाटी धरली तर या साधनांना फळ येते, याचा दाखला राज्यसभेच्या याचिका समितीचा आहे. भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना तिने डिसेंबर २०११ मध्ये ‘वन रँक वन पेन्शन’ची शिफारस केली आणि चार वर्षांनी ती योजना प्रत्यक्षात आली. पण त्या मागणीमागे लाखो पेन्शनर होते. काही हजार स्त्रियांच्या मागे तसे संख्याबळ नाही. कागदावर त्या संरक्षण समितीच्या कक्षेत येतात आणि महिला समितीच्याही. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण इथे खरी ठरायला वेळ लागत नाही.

स्थायी समित्यांवर एक मर्यादा आहे: खात्याच्या दैनंदिन कारभारात त्यांनी सहसा पडायचे नाही. रास्त आहे, खासदारांनी औषधांचे कपाट उघडून मोजावे अशी अपेक्षा नाही. पण धोरण आणि दैनंदिन कारभार यांतली रेघ कुठे पडते? एका बाईची मॅमोग्राफी राहून गेली, तर तो कारभारातला ढिसाळपणा. एकीचीही का झाली नाही हे कोणी विचारलेच नाही, तर ते धोरणच झाले, लिहिलेले नसले तरी.

खरी अडचण सरासरीची आहे. पॉलिक्लिनिकचा प्रकार त्या भागातल्या माजी सैनिकांच्या संख्येवर ठरतो आणि तिथे कोणते तज्ज्ञ असावेत हे प्रकारावर. रायगड जिल्ह्यात सैनिकी घराणी बरीच, पण स्वतः सेवा केलेल्या स्त्रिया मोजक्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला. नौदलाचे मोठे रुग्णालय, आयएनएचएस अश्विनी, कुलाब्याला, पनवेलपासून हार्बर लोकल आणि पुढे बस असा सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास. पनवेल तालुक्यात वैद्यकीय सोयींचा तुटवडा आहे असेही नाही. टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोग संस्था खारघरला आहे, महानगरपालिका २०१६ पासून आहे. प्रश्न सोयीचा नसून दुव्याचा आहे: साठीतल्या निवृत्त परिचारिकेला गर्भाशयमुखाच्या तपासणीची आठवण कोण करून देणार, रेफरलची चिठ्ठी कुठे मिळणार, आणि तिने ती घेतली नाही हे कोणाच्या लक्षात येणार. ‘लाभार्थी समाधानी आहेत’ असा अहवाल पन्नास लाखांच्या सरासरीवर खरा असू शकतो आणि तिच्यापुरता पूर्ण खोटा. ऋणाला सरासरी नसते. शंभर धनकोंपैकी नव्व्याण्णवांचे फिटले म्हणून शंभराव्याचे माफ होत नाही.

याच तालुक्यातल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांची कथा इथे आठवते. ते पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते, आणि आई अखेरच्या दुखण्यात असताना त्यांना रजा मिळाली नाही. पैचा हिशेब ठेवणाऱ्या त्या कचेरीत घरच्या आजारपणाला रकाना नव्हता.

विधिमंडळाने स्त्रीच्या शरीराचा हिशेब सार्वजनिक देणे म्हणून मांडल्याचे उदाहरणही जवळचेच आहे. १९२८ मध्ये मुंबई विधान परिषदेत प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भूमिका घेतली की बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच प्रमाणात सरकारनेच उचलायला हवा. कायदा १९२९ मध्ये झाला आणि भार मालकांवर टाकून मोकळा झाला. तरी तत्त्व मांडले गेले: ज्याला लाभ होतो, त्याने सोसावे. सैनिक स्त्रीच्या बाबतीत मालक आणि राष्ट्र एकच असल्याने भार ढकलायला दुसरा कोणी उरत नाही.

इतर देशांत संसदीय देखरेखीने काय साधले, हे थोडक्यात पाहता येते. अमेरिकेत काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९८२ मध्ये दाखवून दिले की माजी सैनिक स्त्रियांना सरकारी रुग्णालयांत पुरुषांइतक्या सोयी मिळत नाहीत. पुढच्याच वर्षी कायद्याने सल्लागार समिती नेमली गेली, १९९२ मध्ये त्यांच्या आरोग्यसेवेच्या तरतुदी झाल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये डेबोरा सॅम्पसन यांच्या नावाचा कायदा आला. पुरुषवेश करून स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या या बाईचे नाव कायद्याला लागायला दोनशेहून अधिक वर्षे गेली. ब्रिटनमध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या संरक्षण समितीने २०२१ मध्ये सुमारे चार हजार आजी-माजी सैनिक स्त्रियांचे म्हणणे घेतले. सेवेतल्या स्त्रियांना समितीपुढे बोलता यावे म्हणून मंत्रालयाला नेहमीची बंदी सैल करावी लागली. भारतात समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. त्याने निर्भयपणे बोलता येते. पण बोलावले कोणाला गेले, हे सहज कळत नाही.

दोन आक्षेपांचा विचार आवश्यक आहे. पहिला असा की आरोग्य हा प्रत्येकीचा हक्क आहे. कर्नाळ्याच्या परिसरातल्या कातकरी वाडीतली बाई प्राथमिक केंद्रापर्यंत पोचताना थकते, तिथे माजी अधिकारी स्त्रीसाठी वेगळी वही कशासाठी? आक्षेपात वजन आहे, आणि सैनिकी मानापानाच्या नावाखाली तो उडवून लावणे बरोबर नाही. पण दोन देणी वेगळ्या कारणांनी उभी राहतात. वाडीतल्या बाईचे देणे ती नागरिक आहे म्हणून आहे, आणि ते मोठे आहे. सैनिक स्त्रीचे अधिकचे देणे राज्याच्या कामाने तिच्या शरीराला जे झाले त्याचे आहे, तेवढ्यापुरतेच. एक देणे थकवले म्हणून दुसरे चुकवता येत नाही. उलट, राज्य जिथे कारण स्वतः घडवते तिथेही हिशेब ठेवत नसेल, तर वाडीतल्या बाईला त्याच्याकडून फार आशा नको.

दुसरा आक्षेप गोपनीयतेचा, आणि तो अधिक नाजूक आहे. संख्या जेवढी लहान, तेवढी आकडेवारी धोक्याची. जिल्ह्यात अमुक आजाराची एकच माजी सैनिक स्त्री, असा आकडा छापला की नाव छापल्यासारखेच झाले. म्हणून स्त्रियांची वेगळी मोजणी राज्य किंवा देश पातळीवर व्हावी, सेवेने मिळालेला हक्क आणि नात्याने मिळालेला हक्क यांचे रकाने निराळे असावेत, आणि मानसिक आघाताच्या तक्रारी रुग्णाच्या ओळखीपासून तोडून समितीकडे जाव्यात. महाराष्ट्र विधिमंडळाच्या महिला व बालकांचे हक्क व कल्याण समितीलाही यात जागा आहे. सैनिकी योजना तिच्या हाती नाही, पण ज्या रुग्णालयांत या स्त्रिया जातात ती राज्याच्या नोंदणीखाली आहेत.

वही कोणाच्या नावाने उघडायची, हा प्रश्न अग्निपथ योजनेने पुन्हा पुढे आणला आहे. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांत मुलीही आहेत. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. सेवेमुळे आलेले अपंगत्व १०० टक्के ठरले तर ४४ लाख, ७५ टक्के ठरले तर २५ लाख आणि ५० टक्के ठरले तर १५ लाख रुपये एकरकमी मिळतात, आणि खाते बंद होते. पैशाचे कर्ज एकरकमी फिटते. एकविसाव्या वर्षी दुखावलेले माकडहाड पहिल्या बाळंतपणात किंवा पंचेचाळिशीत काय रूप घेईल, हे बाहेर पडतानाच्या वैद्यकीय मंडळाला ठरवता येत नाही. नौदलाच्या पहिल्या तुकडीतल्या मुलींचे प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस सुरू झाले. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात, आणि पुढे कायम होण्याची संधी प्रत्येक तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना आहे. उरलेल्यांच्या प्रकृतीविषयी संरक्षण समितीला विचारायचे असेल, तर आज तिच्यापुढे येणाऱ्या मागण्यांत त्यांच्या आरोग्याचे शीर्षक नाही. ते आधी उघडावे लागेल.